व्हिडिओ बघायचा की वाचायचं? आधी शिकायचंय काय ते बघा

"मी व्हिज्युअल टाइपचा आहे रे, मला वाचून काही कळत नाही, व्हिडिओ असेल तर पाठव." हे वाक्य हल्ली कुठेही ऐकू येतं. पालकसभेत टीचर सांगतात की तुमची मुलगी व्हिज्युअल लर्नर आहे, ऑफिसात नवीन सिस्टिम आली की अर्धे लोक पीडीएफ उघडतच नाहीत, आणि उरलेले अर्धे वैतागून म्हणतात की अरे वीस मिनिटांचा व्हिडिओ कोण बघत बसणार, चार ओळी लिहून दे ना. दोन्ही बाजूंना मनापासून वाटतं की हा आपला स्वभाव आहे, जन्मजात, कोणी उजवा कोणी डावखुरा असतो तसा. आणि मला वाटतं इथेच आपलं सगळ्यांचं नुकसान होतंय, कारण एकदा का "मला वाचून कळत नाही" हे डोक्यात पक्कं बसलं की माणूस वाचायचं सोडूनच देतो, आणि ज्या गोष्टी वाचूनच नीट कळतात त्या त्याच्या हातून कायमच्या सुटतात.

तर आधी तो स्वभाववाला भाग मिटवून टाकू. २००८ मध्ये पॅशलर, मॅकडॅनियल, रोरर आणि ब्योर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी तोपर्यंतचं या विषयावरचं संशोधन तपासलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. "व्हिज्युअल" लोक आणि "वाचणारे" लोक असे खरंच दोन प्रकार असतील, तर दोन्ही गटांतल्या निम्म्या लोकांना व्हिडिओने शिकवा, निम्म्यांना लिहून शिकवा, मग सगळ्यांची एकच परीक्षा घ्या. व्हिज्युअलवाले व्हिडिओने जास्त शिकले आणि वाचणारे वाचून जास्त शिकले असं उलटसुलट चित्र दिसलं तरच ते प्रकार खरे. अशी नीट केलेली परीक्षा फार कमी जणांनी घेतली होती, आणि ज्यांनी घेतली त्यातल्या बऱ्याच जणांना उलटंच काहीतरी सापडलं होतं. म्हणजे आवड असते, ती खोटी नाही, मला भाजीत कढीपत्ता आवडतो तशी कोणाला व्हिडिओची आवड असते. पण आवडीप्रमाणे शिकवलं की जास्त शिकता येतं याला पुरावा मिळाला नाही.

मग फरक पडतो तो कशाने? जे शिकायचंय ते कशाचं बनलंय याने.

उकडीचे मोदक घ्या, कारण यात सगळं एकाच पदार्थात आहे. पिठाला पाणी किती, तर वाटीला वाटी. मीठ चिमूटभर, तूप चमचाभर, पाण्याला उकळी आल्यावरच पीठ घालायचं आणि झाकण ठेवून वाफ काढायची, सारणाला खोबऱ्याच्या साधारण निम्मा गूळ. हे सगळं आकडे आणि क्रम आहे, हे वहीतल्या सहा ओळींत मावतं आणि तिथेच बरं वाटतं, कारण हात पिठाचे असताना "वाटीला वाटी म्हणाली की दीड?" हे शोधायला व्हिडिओ मागेपुढे करणं म्हणजे वैताग. पण त्याच वहीत पुढे काय लिहिलेलं असतं? "मग पारी करून कळ्या पाडाव्यात व मोदक वळावा." संपलं. आता ज्या मुलीने आयुष्यात मोदक वळलेला नाही तिने या ओळीचं काय करायचं? अंगठा आत, दोन बोटं बाहेर, चिमूट पार बुडापासून घ्यायची की फक्त कडेला, एक कळी झाली की पारी दुसऱ्या हाताने किती फिरवायची, हे पानभर लिहिलं तरी डोळ्यापुढे येत नाही. आणि व्हिडिओत दहा सेकंदांत दिसतं.

मागे गिरगावात शेजारच्या काकू त्यांच्या नव्या सुनेला शिकवत होत्या तेव्हा मी तिथेच होते. सून हुशार, आदल्या रात्री व्हिडिओ बघून आलेली, कळ्या तिला जमतसुद्धा होत्या, पण तोंड बंद करताना प्रत्येक वेळी पारी फाटत होती. काकूंनी तिच्या हातातली पारी घेतली, कड बोटांत धरून बघितली आणि म्हणाल्या, "अगं, मध्ये पातळ केलीयेस आणि कड जाड राहिलीय, बरोब्बर उलटं हवं. आणि उकड गार झालीय बघ, पाण्याचा हात लावून परत मळ." हे वहीत नव्हतं आणि व्हिडिओतही नव्हतं. व्हिडिओत दिसतं, पण हाताला लागत नाही. उकड किती मऊ, किती गरम, चिमटीत किती जोर, ही माहिती स्क्रीनमधून येऊच शकत नाही. त्यामुळे वही, व्हिडिओ आणि शेजारी बसलेलं माणूस, तिघांचं काम वेगळं आहे आणि एकाचं काम दुसऱ्यावर ढकललं की पारी फाटते.

आता हे असं का होतं ते बघू, कारण कारण कळलं की मग प्रत्येक वेळी कोणाला विचारावं लागत नाही.

आपल्या डोक्यात एका वेळी धरून ठेवायची जागा फार लहान आहे. १९५६ मध्ये जॉर्ज मिलर यांनी म्हटलं की साधारण सात गोष्टी मावतात, पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी दाखवलं की खरं तर चारच्या आसपास. नवीन काही शिकताना सगळी ओढाताण या चार जागांवर चालते. जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून यावरच काम केलं, शिकवण्याच्या पद्धतीमुळे या लहान जागेवर किती भार पडतो, आणि तो भार विनाकारण असेल तर शिकायला जागाच उरत नाही.

व्हिडिओचा स्वभाव असा की तो वाहतो. मागची पायरी स्क्रीनवरून गेली की ती तुम्हाला डोक्यात धरावी लागते आणि त्याच वेळी पुढची बघायची असते. स्टेशनवर असताना अनाउन्समेंट आणि इंडिकेटर यात जो फरक आहे ना, तोच. अनाउन्समेंट झाली, तुमचं लक्ष नव्हतं, गेली, आता बाजूच्याला विचारा. इंडिकेटर मात्र तिथेच आहे, मान वर करा आणि परत बघा. लिहिलेल्या सूचना जागच्या हलत नाहीत, म्हणून त्या डोक्यात धराव्या लागत नाहीत, म्हणून ती चार जागांची खोली समजून घेण्यासाठी मोकळी राहते. पुढचं काय येणार तेही आधी दिसतं, डोळा उडी मारून शेवटची पायरी बघून परत येऊ शकतो.

मग व्हिडिओ कधीच नको का? तसं अजिबात नाही. होफलर आणि लॉइटनर यांनी २००७ मध्ये २६ अभ्यास एकत्र करून हलती चित्रं आणि स्थिर चित्रं यांची तुलना केली. एकूण हलत्या चित्रांची बाजू थोडी वरचढ निघाली, पण जिथे हाताने करायची कृती शिकायची होती तिथे ती खूपच वरचढ निघाली. दुसऱ्याचे हात हलताना बघून शिकणं आपल्याला उपजत सोपं जातं, माणूस लिहायला लागायच्या कितीतरी आधीपासून असंच शिकत आलाय. म्हणून साडीचा काष्टा, क्रोशेची पहिली साखळी, ढोलाचा हात, ब्लाउजच्या मुंढ्यात बाही बसवताना कापड कुठे किंचित ओढायचं आणि कुठे सैल सोडायचं, हे बघूनच शिकावं. पण त्याच ब्लाउजचं कटिंग? छातीचा घेर भागिले चार, त्यात शिलाईचं मार्जिन, खांदा इतका, मुंढा इतका, टक्सची जागा अमुक. हे कागदावर आकृतीसकट हवं. शिवणक्लासच्या वह्या दुकानात मशीनच्या खणात वर्षानुवर्षं जपलेल्या असतात त्या उगाच नाही, शिवण हातात बसली तरी मापं डोक्यात बसत नाहीत.

एक्सेलचं उदाहरण मला मुद्दाम द्यायचंय, कारण विरार लोकलमध्ये इतकी तरुण मुलंमुली इयरफोन लावून एक्सेलचे व्हिडिओ बघताना दिसतात आणि मला खरंच त्यांचं कौतुक वाटतं, उभ्याने, गर्दीत, दिवसभराच्या कामानंतर. पण फॉर्म्युला ही बघायची गोष्ट नाही हो. व्हीलूकअपमध्ये, म्हणजे यादीत एखादं नाव शोधून त्याच्यासमोरची माहिती आणणाऱ्या फॉर्म्युल्यात, चार गोष्टी द्यायच्या असतात आणि चौथी जी फॉल्स असते ती व्हिडिओतला माणूस "आणि इथे फॉल्स टाका" म्हणून दोन सेकंदांत उरकतो. ती का टाकायची? कारण ती सोडली तर एक्सेल असं धरून चालतं की तुम्हाला जवळपासचं उत्तरही चालेल आणि यादी क्रमाने लावलेली आहे. यादी क्रमाने नसेल तर ते चुकीचं उत्तर देऊ शकतं, आणि एरर न दाखवता देतं. पगाराच्या शीटमध्ये असं झालं तर महिनाभर कोणाला कळतही नाही. ही गोष्ट लिहिलेली असेल तर डोळा तिथे अडतो, परत वाचतो, "का बरं?" असा प्रश्न पडतो. व्हिडिओत अडायला वेळच मिळत नाही. शिवाय लिहिलेला फॉर्म्युला कॉपी करून आपल्या शीटमध्ये टाकून मोडून बघता येतो, आणि खरं शिकणं त्या मोडण्यात आहे.

आता व्हिडिओचा सगळ्यात मोठा धोका सांगते, आणि हा मला इतका महत्त्वाचा वाटतो की बाकी लेख विसरलात तरी हा भाग लक्षात ठेवा. व्हिडिओ बघितला की आपल्याला ते येतं असं वाटायला लागतं. २०१८ मध्ये कार्डस आणि ओब्रायन यांनी यावर प्रयोग केले. टेबलावर भांडी मांडलेली आहेत आणि खालचा टेबलक्लॉथ झटक्यात ओढायचा, भांडी हलता कामा नयेत, ही ट्रिक काहींना एकदाच दाखवली, काहींना वीस वेळा. वीस वेळा बघितलेल्यांचा आत्मविश्वास स्पष्ट जास्त, आपल्याला जमेल असं त्यांना वाटत होतं. तेवढाच वेळ ज्यांनी ट्रिकच्या सूचना वाचण्यात घालवला त्यांना मात्र असं चढलं नाही. मग डार्ट, मूनवॉक अशा गोष्टींत लोकांना प्रत्यक्ष करायला लावलं, तर वीस वेळा बघणारे एकदा बघणाऱ्यांपेक्षा काही चांगलं करू शकले नाहीत. कारण व्हिडिओ हालचाल दाखवतो, हाताला काय जाणवतं ते दाखवत नाही, आणि न जाणवलेली गोष्ट आपल्या हिशोबातच येत नाही. त्याच प्रयोगमालेत जगलिंगचा, म्हणजे बाटलीसारखे पिन एकामागून एक हवेत फेकून झेलण्याचा, व्हिडिओ बघितल्यावर काही लोकांच्या हातात ते पिन नुसते धरायला दिले, फेकायचेही नव्हते, आणि तेवढ्यानेच त्यांचा फाजील आत्मविश्वास उतरला.

यातून सरळ उपाय निघतो. व्हिडिओ सुरू करायच्या आधी वस्तू हातात घ्या. सुई, पीठ, पाना, जे काय असेल ते. पहिल्यांदा एकदा सलग बघा, मग हातात वस्तू घेऊन एका पायरीला थांबत थांबत करा. थांबवणं हे आळशीपणाचं किंवा मंदपणाचं लक्षण नाही, उलट तेच शिकणं आहे. श्वान आणि रिम्प या संशोधकांनी २००४ मध्ये लोकांना जहाजावरच्या दोऱ्यांच्या गाठी शिकवल्या, एका गटाला व्हिडिओ थांबवता, मागे नेता, हळू करता येत होता आणि दुसऱ्या गटाला नाही. ज्यांच्या हातात कंट्रोल होता ते बरेच लवकर शिकले, आणि गाठ जिथे अवघड तिथेच त्यांनी तो जास्त वापरला. आपल्याकडे लोक उलट करतात, वेळ वाचवायला दीडपट स्पीडने बघतात. बातमी बघा दीडपटीने, पण हाताचं काम शिकताना स्पीड अर्ध्यावर आणा, यूट्यूबमध्ये पाव स्पीडपर्यंत जाता येतं. कॉम्प्युटरवर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाची बटणं दाबली तर एकेक फ्रेम मागेपुढे जाते, क्रोशेवाल्यांना हे माहीत नसेल तर आजच करून बघा, टाका नेमका कुठून निघतोय ते दिसतं.

नळाचंही सांगून टाकते, कारण मुंबईच्या बिल्डिंगमध्ये नळ गळणं आणि प्लंबर रविवारी न मिळणं हे रोजचंच. टेफ्लॉन टेप, म्हणजे जोडातून पाणी गळू नये म्हणून लावतात ती पातळ पट्टी, आट्यांवर कोणत्या दिशेने गुंडाळायची, तर आट्यांचं तोंड आपल्याकडे धरलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, नाहीतर नळ बसवताना टेपच सुटून येते. हे मी लिहिलं खरं, पण तुम्ही आत्ता मनात हात फिरवून बघितलात ना? इथे व्हिडिओच बरा. मात्र "आधी घरातला मेन कॉक बंद करा आणि दुसरा एखादा नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या" ही सूचना व्हिडिओत तिसऱ्या मिनिटाला आली आणि तुम्ही बघत बघत उघडत गेलात, तर स्वयंपाकघरात पाणीच पाणी. लिहिलेलं असतं तर सुरू करायच्या आधीच सगळ्या पायऱ्या नजरेखालून गेल्या असत्या. विजेचं काम असेल तर हे आणखी गंभीर आहे, तिथे एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा वीज तोडणारा स्विच, बंद करण्याची पायरी चुकली तर सावरायला संधी मिळत नाही. जिथे एक पायरी चुकली की धोका, तिथे आधी वाचा.

आणि हे फक्त नवशिक्यांसाठी नाही. ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे विमान चाचणीत कोसळलं. चालवणारा अत्यंत अनुभवी पायलट होता, विमानातही दोष नव्हता, जमिनीवर उभं असताना शेपटाकडचे भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेलं लॉक उड्डाणाआधी काढायचं राहून गेलं होतं. यानंतर पायलटांना आणखी ट्रेनिंग देण्याऐवजी लिहिलेली चेकलिस्ट दिली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशन थिएटरसाठी १९ मुद्द्यांची चेकलिस्ट काढली तीही याच विचाराने. सर्जनला ऑपरेशन येतं, हात बसलेला आहे, पण क्रम आणि खात्री कागदावर सोपवलेली बरी. शिकताना व्हिडिओ आणि करताना कागद, अशी जोडी बऱ्याच कामांत चालते.

आता आपल्या भाषेचा मुद्दा, तो टाळून पुढे जाता येत नाही. मराठी माणूस व्हिडिओकडे वळतो त्याचं कारण बरेचदा मेंदूबिंदू नसतं, मराठीत लिहिलेलं मिळतच नाही हे असतं. मिक्सरच्या, वॉशिंग मशीनच्या पुस्तिकेत इंग्रजी असतं, कधी हिंदी असतं, मराठी असलंच तर असं की वाचून कपाळाला हात लावावा. सॉफ्टवेअरची मदत इंग्रजीत. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि ज्या बायका सातवी-आठवीत शाळा सुटल्यामुळे अशा पुस्तिका बाजूला ठेवत होत्या त्या मराठी व्हिडिओ बघून ब्लाउज शिवायला, केक करायला, ऑर्डर घ्यायला लागल्या. हे फार मोठं काम व्हिडिओने केलंय आणि जे लोक "हल्ली कोणी वाचत नाही" म्हणून नाक मुरडतात त्यांनी हे आधी बघावं. वाचायला असतं तर वाचलं असतं ना. नळाची टेप, एमसीबी, जीएसटीचा फॉर्म, पेशंटच्या घरच्यांसाठी इन्सुलिन कसं द्यायचं, या गोष्टी साध्या बोलत्या मराठीत, पायऱ्या पाडून, आकृतीसकट कुठे आहेत?

आकृती म्हटलं की अजून एक. वाचन आणि व्हिडिओ याच्या मध्ये स्थिर चित्रं असतात, त्यांना आपण विसरतो. आयकियाचं दुकान डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला आलं, तिथल्या कपाटाबरोबर जी पुस्तिका येते तिच्यात जवळजवळ शब्दच नसतात, नुसती चित्रं आणि बाण. चित्र थांबलेलं असतं, भाषा लागत नाही, आणि कुठला स्क्रू कुठे ते दिसतं. स्वतःसाठीही हे करता येतं. आवडलेल्या व्हिडिओतल्या नेमक्या चार-पाच जागांचे स्क्रीनशॉट काढा, खाली आपल्या शब्दांत एकेक ओळ लिहा. व्हिडिओ पुन्हा न लावता लिहायचं, आठवून. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवलंय की परत परत वाचण्यापेक्षा आठवून बघितलेलं जास्त दिवस टिकतं, आणि लिहिताना जिथे अडाल तिथलं तुम्हाला कळलेलं नाही हेही तिथल्या तिथे समजतं.

जे शिकवतात त्यांच्यासाठी, मग तो क्लास असो नाहीतर घरच्या ग्रुपवरचा व्हिडिओ, माझी कळकळीची विनंती आहे. कॅमेरा समोर ठेवू नका. समोरून शूट केलं की तुमचा उजवा हात बघणाऱ्याच्या डावीकडे येतो आणि त्याला प्रत्येक हालचाल मनात उलटी करावी लागते, त्या चार जागांतली एक तिथेच जाते. २०१७ मध्ये फिओरेला, व्हॅन गोग, होगरहाइडे आणि मेयर यांनी सर्किट जोडायचं काम दोन्ही बाजूंनी शूट करून शिकवलं, तर करणाऱ्याच्या डोळ्यांच्या बाजूने शूट केलेला व्हिडिओ बघणाऱ्यांना काम जास्त चांगलं जमलं. नमस्कार-चमत्कार, लाइक करा, सबस्क्राइब करा हे शेवटी ठेवा. धोक्याची गोष्ट सुरुवातीला सांगा. आणि मापं, आकडे, फॉर्म्युला, क्रम हे बोलून सोडू नका, खाली डिस्क्रिप्शनमध्ये मराठीत टाइप करा.

गणपतीला आईचा किंवा सासूबाईंचा व्हिडिओ काढणार असाल तर फोन त्यांच्या खांद्यामागून धरा, कळ्या पाडायला सुरुवात केल्यापासून तोंड बंद होईपर्यंत एकच मोदक न थांबता घ्या, तूप-पाणी-गुळाचं माप त्यांना विचारून त्याच मेसेजमध्ये खाली लिहा, आणि "अंदाजाने" म्हणाल्या तर त्यांची वाटी मागून घ्या आणि ती पाण्याने भरून किती मिली होते ते मोजून लिहा.